पाण्यातला करंट

समुद्र पाहायच्या आधी मी समुद्राच्या लाटा मोजल्या, आणि त्याही नागपुरात. ज्या शहरात मोठं पाणी म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा तलाव आणि प्यायचं पाणी म्हणजे कन्हानहून नळाने येणारं, तिथे बसून मी बंदराच्या भिंतींवर प्रबंध लिहायला घेतला होता. घरी उमरेडला कुणी विचारलं की मुलगी सध्या काय करते, तर वडील "पाण्याचं काहीतरी आहे" एवढं म्हणून विषय बदलत. त्यांचंही चुकत नव्हतं. मला तरी कुठे नीट सांगता येत होतं?

सत्तरचं दशक उतरणीला लागलेलं. मी चोवीस वर्षांची, तापट आणि सदा घाईत. घाईचं कारण एस.टी. उमरेडची साडेपाचची बस चुकली की पुढच्या बसला उशीर, आणि उशिरा घरी पोचलं की आई काही न बोलता ताट वाढायची. ते न बोलणं मला सोसत नसे. त्यामुळे दुपारी तीनपासूनच माझा एक डोळा घड्याळावर. स्टूल असलं तरी मी बसत नसे. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं अर्धं मीच पुरं करी, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

कॉलेजच्या मागच्या अंगाला टिनाच्या छपराखाली आमची प्रयोगशाळा होती. तिच्यात काचेच्या भिंतींचा एक लांबच लांब, अरुंद हौद. त्याच्या एका टोकाला मोटरवर मागेपुढे डोलणारी लाकडी फळी होती, ती लाटा करायची. मधोमध मी माझी भिंत उभी करायची आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे पाण्यात सुई बुडवून लाटेची उंची मोजायची. सुई खालीवर सरकवताना हात मनगटापर्यंत पाण्यात जाई. एप्रिलच्या नागपुरात त्याइतकं सुख दुसरं नव्हतं.

सुरुवातीला मी सपाट पत्र्याची भरीव भिंत लावली. तिने जे केलं ते पाहून मी चाटच पडले. लाट येते, पत्र्यावर आपटते आणि आहे त्या जोरात परत फिरते. मागून दुसरी येतच असते. दोघी एकमेकींत मिसळतात आणि भिंतीसमोरचं पाणी जवळजवळ दुप्पट उसळतं. भिंतीमागे शांत, पण पुढे नुसता गोंधळ. खऱ्या बंदरात अशा भिंतीसमोर होडी ठरत नाही आणि भिंतीच्या पायाखालची वाळू उकरली जाते, असं आमचे सर सांगत.

मग मी जाळीच्या पिंजऱ्यात गिट्टी भरून फटींची भिंत केली. तिचं वागणं वेगळं. थोडी लाट ती परत पाठवते, थोडी पलीकडे जाऊ देते, आणि उरलेली दगडांच्या फटींत शिरून, वळून, घासून तिथल्या तिथे दमते. कुठे गेली ते दिसतही नाही. इथवरचं आधीच्या लोकांनी करून ठेवलेलं होतं. माझा प्रश्न पुढचा होता. किनाऱ्याचं पाणी नुसतं खालीवर होत नाही, ते वाहतंही. लाट ज्या बाजूला चालली त्याच बाजूला पाणी वाहत असेल तर लाट लांबट आणि बसकी होते. उलट वाहत असेल तर आखूड आणि उभी. आणि हे वाहणारं पाणीही त्याच फटींतून जाणार. मग फटींची भिंत लाटेला जास्त दमवते की कमी? एवढंच मला शोधायचं होतं. शोधलं तर उन्हाळा संपता संपता सर मला माझी रीडिंगं घेऊन किनाऱ्यावरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होते. म्हणजे मला समुद्र दिसणार होता.

माझ्या मदतीला होते मामा. प्रयोगशाळेच्या परिचराला सगळे मामाच म्हणत. पन्नाशीच्या आसपासचे, सडपातळ, हलक्या आवाजाचे. छप्पन साली ऐन तरुणपणी पांढरे कपडे घालून दीक्षा घ्यायला गेलेले. त्याबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज चढे. अकरा वर्षं ते इथे रोजंदारीवर होते. हौदाची गळती कुठे आहे, मोटर कोणत्या आवाजाला तापते, काचेचा सांधा कोणत्या महिन्यात उघडतो, सगळं त्यांना पाठ. त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी निघणार होती आणि मामांचं नाव तिच्यात आहे असं ऑफिसातल्या कारकुनाने त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येत.

"कायम झालो का, पोरीचं लगन करून टाकतो," ते म्हणत. "रोजंदारीवाल्याच्या पोरीले कोणी पाहाले येत नाही, मॅडम."

मी "हं" म्हणायची. माझी नजर सुईवर.

एकदा हौदाच्या शेवटच्या टोकाने मला रडवलं. लाट माझ्या भिंतीपलीकडे उतरली की टोकाच्या भिंतीवर आपटून परत येई आणि मोजमाप बिघडवी. मी पत्रा तिरका लावून पाहिला, वाळू ओतून पाहिली, आणि शेवटी पाना फेकून दिला. दुसऱ्या दिवशी मामांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून कूलरच्या वाळ्याच्या तीन ताट्या आणल्या. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी कूलरला लावतात त्याच, वाळ्याच्या गवताच्या. त्यांनी त्या एकामागे एक तिरक्या रोवल्या. लाट ताट्यांत शिरली ती परत आलीच नाही.

"घरचा कूलर?" मी विचारलं. "आणि तुम्ही उन्हाळ्यात काय करणार?"

"आमी नाही लावत आता कूलर," ते म्हणाले.

का, ते मी विचारलं नाही. साडेचार वाजले होते.

आता वाहत्या पाण्याचे प्रयोग. त्यासाठी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत पंप होता. पंप सुरू करायचा आणि मग एक लोखंडी चाक फिरवायचं, की पाणी हौदातून लाटेच्या दिशेने हळूहळू वाहू लागे. चाक बंद असेल तर पंपाचं पाणी आडनळीने परत टाकीतच पडे. म्हणजे चाक उघडं असो की बंद, इकडे ऐकू येणारी घरघर आणि खळखळ सारखीच. आधीचे मिस्त्री मामांना नुसतं "पाणी सोडा" म्हणत. पण मी पडले शिकलेली. सर प्रवाहाला 'करंट' म्हणत, पुस्तकात तोच शब्द, आणि 'प्रवाह' म्हणायला मला शाळेतल्या निबंधासारखं वाटे. पहिल्याच दिवशी मी मामांना फर्मावलं, "मी हाक मारली की पाण्यात करंट सोडायचा."

मामा जागचे हलले नाहीत. "पाण्यात करंट?"

"हो."

"काहून जी? तुमचा हात असते ना पाण्यात."

"म्हणून काय झालं?" मला वाटलं हे काम टाळतायत. "काहून-बिहून मला विचारायचं नाही मामा. सांगितलं तेवढं करायचं. प्रबंध तुम्ही लिहिताय का मी?"

ते गेले. मी इकडून ओरडले, "करंट सोडला का?" तिकडून आवाज आला, "सोडला जी."

असं दोन महिने चाललं. रोज हाक, रोज तेच उत्तर. त्याच सुमाराला मामांनी दोन चमत्कारिक गोष्टी सुरू केल्या. मी जिथे उभी राहायची तिथे एक लाकडी पाट आणून ठेवला, आणि त्याच्याजवळ रबरी चपलांचा एक नवा कोरा जोड. "हे घालूनच उभं राहात जा मॅडम," म्हणून पाठीमागे लागले. चपला मला मोठ्या होत्या. ओल्या फरशीवर घसरेन म्हणून काळजी करतायत असं समजून मी त्या घातल्या, आणि वैतागलेही.

रीडिंगं मात्र विचित्र येत होती. पाणी वाहतं असो की थांबलेलं, आकडे तेच. एखाद्याने थांबून विचार केला असता. मी दोन दिवसांत सिद्धांत मांडला: फटींच्या भिंतीला प्रवाहाशी काही देणंघेणं नसतं. चांगली आठ पानं लिहिली. सर परीक्षांसाठी बाहेरगावी होते. जायच्या आधी पानं चाळून ते इतकंच म्हणाले, "पाण्यात कागदाचा एक कपटा टाकून पाहा बरं." मला त्याचा राग आला. पाणी वाहतंय का हे मला कपट्याने कळणार?

राग चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मी लाटांची फळी बंद केली, करंट सोडायला सांगितला, "सोडला जी" ऐकलं, आणि बसच्या तिकिटाचा कपटा पाण्यावर टाकला. तो जागच्या जागी भिजत बसला. मी पाहत राहिले. तो हलला नाही.

मागच्या खोलीत गेले. पंप घरघरत होता, आडनळी खळखळत होती, आणि चाक गच्च बंद. मामा शेजारी उभे.

मी तिथून निघाले. सरळ ऑफिसात गेले, कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं: परिचराने दोन महिने वारंवार सूचना देऊनही काम केलं नाही, केलं असं खोटं सांगितलं, संशोधनाचं नुकसान झालं. खाली सही ठोकली. कारकुनाने तो कागद मामांच्या फायलीला टाचणीने लावला, तेव्हा कुठे मला श्वास आला.

मग प्रयोगशाळेत हौदापाशी परत येऊन तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सगळं आठवतं आणि इथे लिहवत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी खोटारडा म्हणाले. तुमच्यासारख्यांना कायम करतात म्हणूनच, असंही काहीतरी म्हणाले. 'तुमच्यासारख्यांना' म्हणजे कुणाला, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

मामा खाली पाहत उभे होते. मी दमल्यावर ते म्हणाले, "खोटं बोललो जी. मान्य आहे. पण तुमचा हात पाण्यात, अन् मी करंट सोडू? कसा सोडू?"

मला अजूनही कळेना. "करंट सोडायला काय होतंय तुम्हाला?"

"माही बायको करंटनंच गेली ना, मॅडम." ते अगदी नेहमीच्या आवाजात सांगत होते. "कूलरमंदी पाणी टाकून राह्यली होती. पाय ओले, चप्पल नाही. चिपकली. मी मेन बंद करेपर्यंत झालं होतं. तुमी म्हणता पाण्यात करंट सोडा. मी म्हणलं, शिकलेली मानसं हायेत, असन काही प्रयोग. पण माह्या हातानं नाही होत. म्हणून मोटर चालू करत होतो, आवाज येत होता, तुमाले बरं वाटत होतं. चाक खोललं का मोटरचा करंट पाण्यासंगं हौदात जाईन असं भेव होतं, म्हणून आतमंदी काही सोडत नव्हतो."

मी पाटावर उभी होते. पायांत त्या मोठ्या रबरी चपला.

नागपुरात 'करंट' म्हणजे एकच. 'कूलरला करंट मारतो', 'नळाला करंट उतरला', दर उन्हाळ्यात लहानथोर हेच बोलतात आणि सावध राहतात. वाहत्या पाण्याला करंट म्हणतात हे इथे कोण कशाला सांगेल? आणि सांगायचं काम जिचं होतं तिने, प्रश्न आला तसा उलट फेकून मारला होता. मामांनी विचारलं होतं. अगदी बरोबर प्रश्न विचारला होता.

त्याच पावली ऑफिसात जाऊन कागद परत घ्यायचा, इतकं सोपं होतं ते. मी गेले नाही. मी बसस्टँडवर गेले. कारण कागद मागे घ्यायचा तर दुसरा लिहावा लागणार होता, की चूक माझ्या शब्दाची होती, मी दोन महिने एकदाही मागच्या खोलीत डोकावले नाही, आणि माझी सगळी रीडिंगं पाण्यात गेली. मग समुद्र कसला आणि आठ पानं कसली. घरी ताप आल्याचं सांगितलं. आठ दिवस उमरेडला अंगणातून घरात आणि घरातून अंगणात फेऱ्या मारल्या. शेजारच्या हातमागाचा खटखट आवाज दिवसभर कानात बसायचा. पुस्तक उघडलं की मिटायची. जेवायला बसले की उठायची. आईने एकदा कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ताप तं नाही वं तुले. मंग काय होऊन राह्यलं?" तिला सांगितलं असतं तर ती माझ्याकडे कशी पाहील, हे मला ठाऊक होतं. नाही सांगितलं. माझी मला लाज वाटत होती, आणि त्याहून लाज याची, की लाज वाटूनही मी घरीच होते.

नवव्या दिवशी सकाळच्या बसने गेले. ऑफिसात सगळं खरं लिहून दिलं. कारकुनाने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "आता काय उपेग, मॅडम? यादी तं सोमवारीच गेली. तुमचा कागद फायलीत होता, मंग साहेबानं नाव कापलं." तो गुरुवार होता. मी दोन-तीनदा विचारलं, तार करता येईल का, सरांनी पत्र दिलं तर चालेल का. तो मान हलवत राहिला. सरांनी परतल्यावर पत्र दिलंही. त्या वर्षीच्या यादीत मामांचं नाव आलं नाही ते नाहीच, आणि पुढच्या वर्षी यादीच निघाली नाही.

माझी दोन्ही पत्रं सरांनी शेजारी शेजारी ठेवून वाचली. रागावले असते तर बरं झालं असतं. "किनाऱ्यावर यंदा दुसऱ्या कुणाला पाठवतो," म्हणाले. "तुम्ही पहिल्यापासून मोजा."

त्या गुरुवारी ऑफिसातून प्रयोगशाळेत गेले तेव्हा मामा ताट्या झटकत होते. सदरा इस्त्रीचा नव्हता. यादीचं त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी माफी मागितली. रडतरडतच मागितली. "तुमच्या मुलीचं..." म्हणून थांबले.

"होईन जी तिचं," ते म्हणाले. "तुमी आता रडू नका. आधी मले सांगा, हा तुमचा करंट कसा असते?"

मग मी पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसले आणि मामांना सगळं सांगितलं. नदीची ओढ असते ना, कन्हानला पुलाखाली उभं राहिलं की पाय ओढते, तीच. तिला करंट म्हणतात. वीज नाही, काही नाही. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले. ओढ त्याच फटीतून जाते, लाटही त्याच फटीतून जाते, मग आत दोघींची घासाघीस जास्त नाही का होणार? मी आठ पानांत जे उलटं लिहिलं होतं ते त्यांनी एका वाक्यात सरळ केलं. पुढे आकडेही तसेच आले. वाहत्या पाण्यात माझ्या भिंतीने लाटेला जास्त दमवलं. त्या संध्याकाळी साडेपाचची बस गेली. मी घड्याळ पाहिलंच नव्हतं.

पण ते आकडे नंतरचे. त्या दिवशी पहिल्यांदा चाक उघडायचं होतं. मी म्हणाले, मी सुईपाशी उभी राहते, तुम्ही चाक फिरवा. मामा जागचे हलले नाहीत, अगदी पहिल्या दिवसासारखेच.

"तुमी जा मागं," ते म्हणाले. "चाक तुमी फिरवा. मी इथं थांबतो."

"अहो मामा, आत्ताच सांगितलं ना, वीज नाही त्याच्यात."

"सांगतलं. समजलं बी." त्यांनी बाही वर दुमडली, रबरी चपला उचलून माझ्या पायाशी ठेवल्या, आणि स्वतः अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहिले. "तरी पण आधी माहा हात."

मी त्या चपला घालून मागच्या खोलीत गेले. पंप घरघरत होता. चाक जड होतं, दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. फिरवून झाल्यावर मी काही ओरडले नाही. दारात येऊन नुसती पाहत राहिले. मामांनी डोळे मिटले होते आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला होता. वाहतं पाणी बोटांवरून जात होतं, पण त्यांनी तो काढला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"या मॅडम," ते म्हणाले. "नुसतं ढकलून राह्यलं. चावून नाही राह्यलं."